मरण्याचं काम

कळसाडीचा मगन पाटील मुंबईला सिनेमात काय करतो, असं कुणी विचारलं तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगे, "मरस!"

आणि त्यात खोटं काही नव्हतं. हिरो व्हावं असा त्याचा चेहरा नव्हता, खलनायक व्हावं अशी छाती नव्हती, पण मरावं कसं ते मात्र त्याच्याकडूनच शिकावं. एका चित्रात तो इमानी नोकर होऊन सुऱ्याने मेला, दुसऱ्यात हवालदार होऊन गोळीने मेला, मग क्षयाने मेला, सापाने मेला, एकदा तर राजाच्या वाट्याचं विष पिऊन मेला. पडद्यावर त्याचं नाव मधुकांत. ते इतक्या बारीक अक्षरांत येई की वाचेपर्यंत निघून जाई. पण सिनेमा कंपन्यांत त्याला मान होता. बाकीचे नट मरायला चार-चार वेळा घेतात, हा एका फटक्यात मरतो, फिल्म वाया जात नाही, म्हणून त्याला बोलावणी येत.

दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो घरी आला की बायकोला, प्रमिलाला, हे सगळं हौसेने सांगे. "डोया कोनी बी मिटस," तो म्हणे. "मरन हातमा ऱ्हास. हात सुटना म्हंजे मानूस गया." आणि खाटेवर आडवा पडून हात असा सोडून दाखवी की प्रमिला किंचाळून उठे आणि हा पठ्ठ्या हसत बसे. तिला भारी राग येई. ती मुळातच भित्री, मांजर आडवं गेलं तरी पाण्याचा हंडा उतरवून ठेवणारी. असल्या बाईला नशिबाने असला नवरा द्यावा! पण तिने मनाशी एक हिशोब मांडून ठेवला होता. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. मग जो माणूस दर सिनेमात मरतो तो शंभरी गाठणारच की. या हिशोबावर तिला झोप लागत असे.

सासू तापीबाई हिने मात्र लेकाचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. "पैसा दीसन पोटना पोऱ्याले मरतांना कोन माय देखी?" असा तिचा रोखठोक सवाल होता.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात आखाजी तोंडावर आली तरी मगनचा पत्ता नव्हता. दिवाळीला आला होता तेव्हा मोठा खुशीत होता. या खेपेला मोठं मरण मिळालंय, साक्षात हिरो रडणार आहे, असं सांगून गेला होता. त्यानंतर होळी गेली, पाडवा गेला. प्रमिला रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, काम जोरात चाललंय.

अशा एका दुपारी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या आणि दगा दारात येऊन उभा राहिला. दगा शेजारच्या गावचा, व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी घेऊन नंदुरबार स्टेशनपर्यंत जाणारा. एरवी ओट्यावर बसून दोन तांबे पाणी पिणारा हा माणूस आज उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि पाणी नको म्हणाला. प्रमिला हातातलं सूप तसंच घेऊन उठून उभी राहिली.

"गिरधरभाऊ घरमा शे का?" त्याने विचारलं.

गिरधर म्हणजे मगनचा धाकटा भाऊ. तो गोठ्यातून हात पुसत आला. दगाने त्याला बाजूला नेलं, पण त्याचा आवाज मुळात ढोलासारखा, हळू बोलायचं म्हटलं तरी वेशीपर्यंत जायचा.

"नंदुरबारना टेसनवर एक जन सांगी ऱ्हायंता. तुमना शहादाकडला तो सिनेमावाला पानीमा बुडीसन मरी गया म्हने. दुसरा दिन सापडना. पाय जायामा गुतेल व्हता."

पाय जाळ्यात गुंतलेला, हे ऐकताच प्रमिलाच्या हातातलं सूप खाली पडलं. आणि गिरधर चक्क हसला.

"अरे दगा, तुन्ही अक्कल चराले गयी का? म्हसावदले तंबू लागेल शे, त्यामा भाऊना सिनेमा चालू शे. लोके तेच सांगी ऱ्हायनात! मन्हा भाऊ अन पानीमा बुडी? प्रकाशाना डोहमा तो मासानामायक पव्हे."

हे सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं? मगनचं आजोळ प्रकाशा गावचं, तापी आणि गोमाईच्या संगमावर उड्या मारत तो मोठा झालेला. शिवाय म्हसावदला फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता हेही खरं, आणि त्यातल्या दोन-तीन वर्षं शिळ्या चित्रात मधुकांत आहे हेही खरं. गावातले काही जण पाहून आले होते. पण त्यांना विचारलं तर एक म्हणे, होडीवाला तो मगनच, शेवटी बुडतो वाटतं. दुसरा म्हणे, छे, त्याला तर हातभर दाढी आहे, मगन कुठला. तिसरा मध्येच झोपला होता.

तेवढ्यात बातमीला पाय फुटले. दगाने आणखी कुठे कुठे तोंड उघडलं देव जाणे, पण पुढच्याच सकाळी मगनची आत्या मंगलाबाई चार बायकांना घेऊन पदराआडून हंबरडा फोडत अंगणात शिरली. मयताच्या घरी भेटायला जाणं, त्याला आमच्याकडे दारावर येणं म्हणतात. दारावर बाई रडत आली की घरच्या बाईने गळ्यात गळा घालून रडायचं, ही रीत. न रडणारी बाई दगडाची.

"मन्हा मगन रे! आम्हले सोडीसन कोठे गया रे!"

प्रमिला खांबाला टेकून उभी राहिली. "फुई, रडू नका," ती म्हणाली. "ते सिनेमामा शे. खरं नही."

मंगलाबाईचा हंबरडा अर्ध्यावर थांबला. तिने डोळे पुसून सुनेकडे नीट पाहिलं आणि तिला पुरतं वेड लागलं असं ठरवून ती दुप्पट जोराने रडू लागली. पाठोपाठ सोयरे आले, मग सोयऱ्यांचे सोयरे आले. प्रत्येकाला अंगणातच अडवून प्रमिला तेच सांगायची, सिनेमात मेले, खरे नाही मेले. लोक मान डोलवायचे आणि तिच्या हातांकडे बघायचे. हिरव्या बांगड्यांवर सगळ्यांची नजर खिळली होती. "तश्याच ठेवशी तं लोके काय म्हनतीन?" असं मंगलाबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणालीच.

गिरधरने शहाद्याला जाऊन मुंबईच्या खोलीच्या पत्त्यावर तार केली. उत्तर आलं नाही. मग दशम्या बांधून घेऊन तो स्वतःच नंदुरबारला गाडीत बसला. जाताना हसून म्हणाला, "भाऊले कान धरीसन लई येस!" पण हसू ओठांच्या वर गेलं नाही, हे प्रमिलाने पाहिलं.

तो गेला आणि घरात बसून राहणं कठीण झालं. पाण्याकडे पाहिलं की प्रमिलाला घाम फुटायचा. विहिरीत घागर सोडायची तर ती तोंड फिरवून सोडायची. आपण हसतोय म्हणजे पाप करतोय की रडतोय म्हणजे पाप करतोय, हेच तिला कळेना. तो जिवंत असेल आणि आपण रडलो तर ते अभद्र. तो गेला असेल आणि आपण कुंकू लावून दारात उभे राहिलो तर त्याहून अभद्र. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं, त्याचं नाव तोंडाने घेऊन देवाला नीट साकडंही घालता येत नव्हतं. बायकोने नवऱ्याला नुसतं 'त्या', म्हणजे 'ते', म्हणायचं, देवाने ओळखून घ्यायचं.

त्यात आखाजी चार दिवसांवर आली. आखाजीला घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात. कुंभार दारात आला आणि यंदा किती घागरी ठेवू, असं त्याने भाबडेपणाने विचारलं. मगनचे वडील चुनीलाल जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची एक घागर ठरलेली. तापीबाई कुंभाराकडे बघत राहिली. मग नंतर ये, असं हाताने खुणावून तिने त्याला परत पाठवलं. कुंभार गेल्यावर तिने सुनेला जवळ बोलावलं.

"तू म्हसावदले जा," ती म्हणाली. "दाढीमा त्याले तुन्हाशिवाय कोन वळखी? जा, अन मन्हा पोऱ्या मरना का नही, ते देखीसन ये."

शेजारची म्हातारी नानीबाई सोबतीला आली. गाडी जुंपली. सुतक असलेल्या घरची सून सिनेमाला निघाली, हे बघायला अर्धं गाव दारात उभं होतं. प्रमिलाने पदर खाली ओढून घेतला.

तंबूत दिवेलागणीचा खेळ होता. मधोमध कनात, एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका, खाली सतरंजीही नाही, नुसती धूळ. बाहेर इंजिन धडधडत होतं. प्रमिला पुढे जाऊन बसली, मान वर करून. पांढऱ्या कापडावर अक्षरं आली आणि गेली. मग एक नदी आली, आणि नदीकाठी होडी बांधत असलेला दाढीवाला माणूस वळला.

दाढी असो नाहीतर जटा असोत. डाव्या खांद्यावर मान किंचित टाकून उभं राहायची ती ढब तिच्या ओळखीची होती. तिने पदर तोंडात कोंबला. सहा महिन्यांनी नवरा दिसत होता, आणि तो मरावा म्हणून ती गाडी जुंपून आली होती.

आता तो मरेल, मग मरेल, म्हणून ती वाट पाहू लागली. पण होडीवाला काही मरेना! गावगुंडांनी त्याला घेरलं, सुरा उगारला. प्रमिलाने श्वास रोखला. हा वाकला, सुरा हुकला, तंबूत टाळ्या पडल्या. शेजारच्या बाया खूश झाल्या आणि हिचं काळीज खाली गेलं. मग त्याच्या झोपडीला आग लागली. त्यातूनही तो नातवंडाला काखोटीला मारून बाहेर आला. पुन्हा टाळ्या. तो वाचला की प्रमिलाला वाटे, झालं, म्हणजे दगा बोलला ते खरंच. तिने डोळे मिटून घेतले आणि मनात म्हणाली, मर रे देवा, एकदाचा मर. आपण काय बोलतोय हे कळलं तेव्हा तिने स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली. पण लगेच पुन्हा तेच म्हणू लागली.

शेवटी वादळ आलं. होडी उलटली. होडीवाल्याने हिरॉइनला काठाला लावलं आणि तिच्या म्हाताऱ्या बापासाठी तो परत पाण्यात शिरला. म्हातारा लाटेने काठाला आला. होडीवाला आला नाही. पाण्यावर एक हात उभा राहिला, थोडा वेळ तसाच राहिला, मग बोटं एकेक करून सुटली आणि हात आत गेला.

सगळा तंबू गप्प झाला. कुठेतरी बाया मुसमुसू लागल्या. आणि त्या शांततेत प्रमिला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून मोठ्याने हसली.

"मरनात! नानीमाय, बुडनात त्या! तू दखं ना?"

"येडी व्हयनी का तू? लोके देखी ऱ्हायनात!" नानीबाईने तिला खाली ओढलं. पण म्हातारीचेही डोळे वाहत होते आणि तीही हसत होती. मागची एक बाई फणकारली, "कोन बाई शे ही? मानूस मरना अन ही खिदळस!" तिला काय सांगणार? प्रमिलाला वाटलं, या बाईच्या गळ्यातच पडावं.

लोक उठायला लागले तरी ती जागची हलली नाही. शेवटपर्यंत बसली. तिला आणखी एक गोष्ट पाहायची होती. होडीवाला सापडतो का, त्याचा पाय जाळ्यात गुंतलेला असतो का. पण पडद्यावर एकदम सनई वाजायला लागली, हिरोचं लग्न लागलं, आणि होडीवाल्याची कुणालाही आठवण राहिली नाही. कोळ्याचं जाळं त्या सिनेमात कुठेच नव्हतं.

परतताना गाडीत ती सिनेमातला एकेक प्रसंग बोटांवर मोजत होती. मग म्हणाली, "नानीमाय, जायं तं दिसनं नही."

"दगानी तिखटमीठ लायं व्हई," नानीबाई म्हणाली. "तुले आते सुख बी टोचस का?"

खरंच, लोक गोष्टीत भर घालतातच. दगा तर सशाचा हत्ती करणारा. प्रमिलाने ते जाळं मनातून काढून टाकलं. ते पुन्हा आलं, तिने पुन्हा काढलं.

घरी पोचताच तिने अंगणातूनच हाक दिली, "माय, मरनात!" आणि तापीबाईने, कुठलीही आई असं काही ऐकून करणार नाही ते केलं. तिने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी दारावर आलेल्या बायांना प्रमिलाने हसत आत बसवलं, चहा केला, शिरा केला, आणि होडी कशी उलटली ते हातवारे करून सांगितलं. मंगलाबाई आधी रुसली, कारण तिचं रडणं फुकट गेलं होतं. मग शिऱ्याची दुसरी वाटी घेता घेता म्हणाली, पोराचं आयुष्य वाढलं हो. घरात खूप दिवसांनी भांड्यांचा आवाज झाला. आखाजीला चुनीलालची एकच घागर पुजली. आणखी कुणाचं नाव निघालं नाही.

तरी प्रमिला अधूनमधून काम टाकून वाटेकडे बघे. गिरधरला इतका वेळ का लागतोय? मोठा भाऊ भेटला असेल, त्याने मुंबई दाखवली असेल. दोघं मिळून येतील. नक्की दोघं येतील.

गिरधर एकटाच आला, भर सकाळी, शहाद्याहून पायी. पांढरी टोपी कानापर्यंत ओढलेली. प्रमिला उंबऱ्यातच होती. त्याची मिशी नाहीशी झालेली पाहून तिला गंमत वाटली, मुंबईचं वारं लागलं म्हणायचं याला. ती धावत पुढे गेली.

"भाऊ, मी देखीसन ऊनू! सिनेमामा बुडनात त्या! दगाले काही बी कयत नही. त्या कोठे शेतस? मांगे ऱ्हायनात का?"

 गिरधरने टोपी काढली. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

आतून तापीबाईने विचारलं, "कोन ऊनं वं?" आणि मग तीही बाहेर आली आणि तिने पाहिलं.

तिची किंकाळी ऐकून गल्ली गोळा झाली. गिरधरने भिंतीला पाठ लावून बसून जे सांगितलं ते असं. होडीवाल्याचं ते बुडणं सिनेमावाल्यांना इतकं आवडलं होतं की बुडायचं काम निघालं की मधुकांतला बोलवा, असं ठरूनच गेलं होतं. दिवाळीला तो सांगून गेला ते मोठं मरणही पाण्यातलंच. पाडव्याच्या सुमाराला मुंबईपासून लांब एका नदीवर ते चित्र घेतलं. खाली कोळ्यांचं जुनं जाळं होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कंपनीजवळ त्याचं नाव होतं ते मधुकांत, गाव होतं ते मुंबई. कळवणार कुणाला? त्याच्याबरोबर राहणाऱ्या एका सुरतेकडच्या नटाने वाट वाकडी करून नंदुरबार स्टेशनवर चौकशी केली, तीच दगाच्या कानावर पडली. बरोबरच्या नटांनी अग्नी दिला होता. राहिलेलं सगळं गिरधरने त्याच नदीकाठी केलं.

"पह्यलांदाच बराबर व्हयनं व्हतं वहिनी," गिरधर म्हणाला. "सिनेमाना साहेब खूश व्हता, चला म्हने. भाऊच बोलना, हात बराबर सुटना नही, आखो एकदाव ल्या." त्याने तोंड पुसलं. "दुसऱ्यांदा हात वर ऊना, तवय काठवरला लोके टाळ्या वाजाडी ऱ्हायंतात. त्यास्ले वाटनं, काम शे."

प्रमिला ऐकत होती. ती रडत नव्हती, आणि या वेळी तिला दगड म्हणायची कुणाची छाती झाली नाही. काठावरच्या माणसांचा तिला राग यायला हवा होता. पण म्हसावदच्या धुळीत बसून तिनेही त्याच हाताला टाळ्या दिल्या होत्या, मग ती कोणाला बोलणार?

"आखो एक इचारनं शे," गिरधर खाली बघत म्हणाला. "त्या साहेबनी इचारेल शे. ते दुसऱ्यांदानं चित्र मशिनमा उतरेल शे. सिनेमामा ठेवानं का कापी टाकानं? घरना लोके सांगतीन तसं करू, म्हने."

"कापी टाक म्हना! जाळी टाक म्हना!" मंगलाबाई ओरडली. बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. तापीबाई जमिनीवर डोकं टेकवून पडली होती, तिने मान वर करून सुनेकडे पाहिलं.

प्रमिला गिरधरकडे वळली.

"ऱ्हाऊ दे म्हना," ती म्हणाली. "कापू नका म्हना. माले त्यास्ले आखो एकदाव देखनं शे."

मग ती तिथेच उंबऱ्यात बसली आणि रडू लागली.